विहीर घरापासून २५३ फुटांवर

ऑस्टिनला पीएचडीसाठी आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका मित्राने गाडीत घालून जॉन्सन सिटीला नेलं. नावात 'सिटी' आहे म्हणून फसू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावी याहून जास्त गर्दी असते. ऑस्टिनहून पश्चिमेला तासाभराचा रस्ता, आजूबाजूला चुनखडीच्या टेकड्या, खुरटी झाडं आणि वर टळटळीत ऊन. मला तर थेट आमच्या माणदेशाची आठवण झाली. या भागाला म्हणतात हिल कंट्री. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन इथलेच. त्यांचं लहानपणीचं घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय.

ते घर बघताना मी मित्राला सहज विचारलं, "यांच्याकडे नळ कधी आले रे?" त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपल्या डोक्यात अमेरिका म्हणजे नळ सोडला की गरम पाणी, आणि ते जणू कोलंबसाच्या काळापासून! पण १९४० च्या जनगणनेत अमेरिकेने पहिल्यांदा घराघरातल्या सोयी मोजल्या, तेव्हा देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत थंड-गरम पाण्याचे नळ, न्हाणी आणि फ्लशचा संडास ही तिन्ही मिळून नव्हती. खेड्यांची स्थिती अर्थातच याहून वाईट.

हिल कंट्रीचं वर्णन रॉबर्ट कॅरो यांनी १९८२ च्या 'द पाथ टू पॉवर' या जॉन्सन-चरित्रात केलंय. त्यात शेतकरी कुटुंबांच्या एका सरकारी पाहणीचे आकडे आहेत. पाच माणसांच्या घराला दिवसाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर पाणी लागायचं. विहीर घरापासून सरासरी २५३ फुटांवर. वर्षभराचं पाणी हाताने उपसून घरात आणायला आठ-आठ तासांचे ६३ दिवस आणि १७५० मैलांची चाल. मैल सोडा, मुंबईहून दिल्लीला पायी जायचं आणि परत यायचं, दरवर्षी! आणि परततानाच्या प्रत्येक खेपेत हातात भरलेल्या बादल्या. काही बायका खांद्यावर लाकडी जू घेऊन दोन्ही टोकांना बादल्या अडकवत, म्हणजे आपली कावडच. पुरुष शेतावर, त्यामुळे हे काम बायकांचं. चाळिशीच्या आत पाठी वाकलेल्या.

आता इंजिनिअरचा हिशेब बघा. पाऊणशे फूट खोल विहिरीतून ७५० लिटर पाणी उचलायचं, वर नळाला पुरेल एवढा दाब द्यायचा, आणि पंपाची कार्यक्षमता अगदी वाईट धरायची. तरी दिवसाला पाव युनिट वीज पुरते. पाव युनिट! सगळं अडलं होतं ते तेवढ्यावर. पण १९३५ च्या सुमारास अमेरिकेत दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. खाजगी कंपन्यांचं म्हणणं साफ होतं, विखुरलेल्या घरांसाठी तारा ओढणं परवडत नाही.

म्हणून रूझवेल्टनी मे १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. सरकार स्वतः वीज विकणार नव्हतं. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायची, सरकारने स्वस्त कर्ज द्यायचं. (आपल्या साखर कारखान्यांची आठवण आली ना? मलाही आली.) अट एक होती, दर मैलाला निदान तीन गिऱ्हाईकं हवीत. हिल कंट्रीत तेवढी वस्तीच नव्हती. जॉन्सन १९३७ साली अठ्ठावीस वर्षांचे असताना काँग्रेसवर निवडून आले होते. ते पुढच्या वर्षी थेट रूझवेल्टना भेटले आणि अटीला अपवाद करवून घेतला. तरी लोक सभासद व्हायला बिचकत. पाच डॉलर अनामत कुठून आणायची? शिवाय तारांमुळे वीज अंगावर पडेल ही भीती. अखेर १९३९ च्या नोव्हेंबरात दिवे लागले. रात्री घरी परतणाऱ्या एका कुटुंबाला तर लांबून वाटलं, घराला आग लागली!

आणि पाणी? इथेच मी अडखळलो. दिवे लागले म्हणजे लगोलग पंप बसले असतील असं मी धरून चाललो होतो. पण वीज आल्यावर बहुतेक घरांनी आधी घेतली इस्त्री आणि रेडिओ. पंप, पाइप, मोरी, सांडपाण्याची सोय हा सगळा खर्च मोठा होता, आणि सरकारने वायर दिली होती, पाइप नव्हे. अनेक घरांत डोक्यावर बल्ब आणि हातात बादली अशी काही वर्षं गेली.

ज्यांची विहीरच आटायची किंवा खारी होती त्यांना पंप असून उपयोग नव्हता. त्यांना गावोगाव नळयोजनाच हवी होती. कोरड्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठी पाण्याच्या कर्जाचा कायदा १९३७ चा, तो देशभर लागू झाला १९५४ ला. पण खरा जोर आला १९६५ च्या कायद्याने. त्यात कर्जाच्या जोडीला खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान आलं. मांडणाऱ्यांपैकी एक टेक्ससचे बॉब पोग, आणि तेव्हा अध्यक्ष होते खुद्द जॉन्सन. त्याच सुमारास स्वस्त पीव्हीसी पाइप मिळू लागला. बिडाच्या जड नळाऐवजी हलका, बारीक पाइप मैलोन्‌मैल पुरता येऊ लागला. माझ्या मते या पाइपाला हवं तेवढं श्रेय कोणी देत नाही. १९४० चे ते ४५ टक्के १९७० पर्यंत ७ वर आले. तरी मेक्सिकोच्या सीमेवरच्या वस्त्यांसाठी टेक्ससला १९८९ साली वेगळा कार्यक्रम काढावा लागला, आणि नावाहो लोकांच्या प्रदेशात कित्येक घरं आजही टाकीने पाणी आणतात.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आत्याला फोन केला. आमच्या गावात जलजीवन मिशनचा नळ येऊन तीनेक वर्षं झाली. १५ ऑगस्ट २०१९ ला ही योजना जाहीर झाली तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता, आता हा आकडा १५ कोटींच्या वर गेलाय. २०२४ ची मुदत २०२८ पर्यंत वाढलीय. माणशी रोज ५५ लिटर हे तिचं उद्दिष्ट. त्या सरकारी पाहणीत माणशी १५० लिटर धरलेत, तेही नळ नसताना. आत्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. मोटर जळली की पंचायतीने वर्गणी काढेपर्यंत तेही नाही. टेक्ससच्या पाणीसंस्थांत मोटर बदलण्याचे पैसे दरमहाच्या बिलात आधीच धरलेले असतात. हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मग तिच्या लहानपणची आडापर्यंतची वाट, खेपा, वर्षं असा गुणाकार करून तिची एकूण चाल किती झाली तेही ऐकवलं.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आरं, हिशेब कशाला घालतूयास आता? सुट्टीला यायचास तवा एक घागर उचलली आसतीस तर कळलं आसतं की."

कॅरोंनाही तिथल्या एका म्हातारीने हेच ऐकवलं होतं. तू शहरातला पोरगा, तुला भरल्या बादलीचं वजन काय ठाऊक, असं म्हणून तिने त्यांना विहिरीवर नेलं आणि बादली ओढायला लावली. डिसेंबरात गावी जातोय. आड अजून आहे, घागर माळ्यावर आहे म्हणे.