वालधुनीचा आमदार का होत नाही?

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरात शिरणाऱ्या वालधुनीचे गटार झाले. काठावरच्या वस्त्या वास सोसतात. निवडणुका आल्या-गेल्या, पण नदीच्या प्रश्नावर कोणी आमदार झाला नाही. दोष फक्त जनतेच्या माथी मारता येईल का? आम्ही ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्याचा इतिहास पुढे ठेवतो.

पेडर सरोवर धरणात बुडणार म्हणून १९७२ साली तिथे 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' हा जगातील पहिला मानला जाणारा हरित पक्ष निघाला. १९७५ मध्ये डॉ. बॉब ब्राऊन त्याचे उमेदवार होते. पुढे फ्रँकलिन नदीवरील धरणाविरुद्धच्या नाकेबंदीत ते १९ दिवस तुरुंगात राहिले आणि १९८३ च्या जानेवारीत सुटताच राज्याच्या विधानसभेत गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी धरण थांबवले. १९८९ मध्ये ब्राऊन यांच्या गटाला सुमारे १७ टक्के मते व ३५ पैकी ५ जागा मिळाल्या. लेबर पक्षाचे सरकार त्यांच्या पाठिंब्यावर आले.

तिथे एका मतदारसंघातून ७ आमदार मतांच्या प्रमाणात निवडले जात. आपल्याकडे १७ टक्क्यांत अनामत वाचते, आमदार होत नाही! बाबासाहेबांनी १९५५ मध्येच दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ सुचवले होते. मतदाराने आपली सगळी मते एकाच उमेदवाराला द्यावीत, अशी मुभाही त्यात होती. हेतू एकच होता: अल्पसंख्याकांचा आवाज सभागृहात पोहोचावा.

म्हणून बदलापूर ते उल्हासनगर नदीसाठी लढणाऱ्यांनी मतदानाच्या पद्धतीचा प्रश्नही हाती घ्यावा.

जय भीम!