अकरा केव्ही

अकरा केव्ही : अकरा किलोव्होल्ट, म्हणजे ११,००० व्होल्ट. ‘किलो’ हा उपसर्ग मूळ एककाला हजाराने गुणतो. ‘मिली’ हजाराने भागतो, ‘मायक्रो’ दहा लाखांनी. मोठ्या एककातून लहानात जाताना आकडा वाढतो, उलट जाताना घटतो. एवढे ध्यानात असले की दशांशचिन्ह सहसा भलत्या बाजूला सरकत नाही.

कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात घरातल्या बटणापर्यंत येते ती २३० व्होल्टची, म्हणजे ०.२३ केव्हीची वीज. अकरा केव्हीचा दाब गल्लीतली डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, उतरवते. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतले मोठे स्टील कारखाने मात्र ३३ केव्ही किंवा त्याहून चढ्या दाबाची जोडणी घेतात. गंमत अशी, की या मापाचे दुसरे टोकही अशाच कारखान्यांत सापडते. सळई लाटण्याआधी पोलाद तापवणाऱ्या भट्टीचे तापमान थर्मोकपलने, म्हणजे तापमानानुसार सूक्ष्म दाब देणाऱ्या दोन धातूंच्या जोडाने, मोजले जाते. ‘के’ प्रकारचा थर्मोकपल १००० अंश सेल्सिअसला, थंड टोक शून्य अंशावर धरल्यास, ४१.२७६ मिलिव्होल्ट देतो. तेच ०.०४१२७६ व्होल्ट किंवा ४१,२७६ मायक्रोव्होल्ट. ३३ केव्हीचा दाब याच्या सुमारे आठ लाख पट!

रोमन चिन्हांत मिलिव्होल्टला लहान ‘एम’ आणि मेगाव्होल्टला मोठा ‘एम’ लिहितात. अक्षराचा आकार चुकला, तर उत्तर शंभर कोटी पटींनी चुकते. मराठी मजकुरात म्हणून एककाचे नाव पूर्ण लिहावे, हे बरे.