हाकेची नावे: मराठी घरांतील एका रीतीचा इतिहास

मराठी कुटुंबांत पाळण्यातले नाव, म्हणजे बारशाला विधिपूर्वक ठेवलेले नाव, आणि रोजच्या हाकेचे नाव ही दोन वेगळी असण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. तिच्यात कौतुकाचा भाग मोठा असला, तरी तिला खरा आधार मिळाला तो नाव न उच्चारण्याच्या नियमाचा. स्वतःचे, गुरूचे, कृपणाचे, थोरल्या अपत्याचे आणि पत्नीचे नाव घेऊ नये असे एक संस्कृत वचन प्रसिद्ध आहे. स्त्रियांवर पतीचे आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव न घेण्याचे बंधन त्याहूनही कडक होते. त्याच घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याचीही चाल असल्यामुळे घरातील मुलाचे नाव आईला आणि आजीला तोंडातून काढता येत नसे, आणि हाकेसाठी दुसरे नाव शोधणे ओघानेच येई.

याचे ठळक उदाहरण पेशव्यांच्या घरात सापडते. बाळाजी विश्वनाथ 1720 च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाजीरावांना झालेल्या पुत्राला बाळाजी हेच नाव मिळाले. आजी राधाबाई 1753 पर्यंत हयात होत्या. रूढीप्रमाणे पतीचे नाव त्यांना आणि सासऱ्यांचे नाव मुलाच्या आई काशीबाईंना वर्ज्य होते, आणि हा मुलगा इतिहासात नानासाहेब म्हणूनच राहिला. बाळाजी जनार्दन भानू यांनाही आजोबांचेच नाव होते. ते नाना फडणवीस झाले.

नाना, तात्या, अण्णा, भाऊ, दादा, बापू, आप्पा ही मुळात वडील, चुलते आणि थोरले भाऊ यांना लावायची नाती किंवा आदराची संबोधने. त्यांपैकी अण्णा, आप्पा आणि स्त्रियांसाठीचे अक्का हे शब्द कन्नड आणि तेलुगू घरांतही आहेत. एकत्र कुटुंबात धाकट्या भावंडांनी एखाद्याला दादा म्हटले की चुलत भावंडे, गडीमाणसे आणि शेवटी खुद्द आईही त्याला दादाच म्हणू लागे, आणि पुढे त्याची मुलेसुद्धा बापाला दादा म्हणत. अशा रीतीने नाते सुटून नाव उरे. रघुनाथराव दादासाहेब झाले, चिमाजी आप्पांचे पुत्र सदाशिवराव भाऊसाहेब झाले, आणि 1761 च्या पानिपताची कथा सांगणारी बखर 'भाऊसाहेबांची बखर' याच नावाने ओळखली जाते. राज्यावर आलेल्या एवढ्या मोठ्या अनर्थाची हकीकत घरातल्या हाकेच्या नावाने सांगितली जावी, यात त्या समाजाचा राज्यकर्त्यांशी असलेला घरोबा दिसतो.

ही सवय पेशवाईबरोबर संपली नाही. 1857 च्या संग्रामातील रामचंद्र पांडुरंग टोपे इंग्रजांच्या कागदांतही तात्या या नावाच्या अपभ्रंशानेच नोंदले गेले. मुंबईतील राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला 1975 मध्ये भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. त्यांचे नाव रामकृष्ण आणि वडिलांचे विठ्ठल, म्हणजे त्या पाटीवर मुलाचे आणि बापाचे, दोघांचेही घरातले नाव आहे. केशव या नावाचे टिळक जन्मभर बाळ राहिले, तेही याच परंपरेतून.

मात्र घरातले प्रत्येक नाव लाडाचे नव्हते. आधीची मुले दगावलेल्या घरी दृष्ट लागू नये, मृत्यूचे लक्ष जाऊ नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी मुद्दाम हलकी नावे ठेवीत. त्यांतील क्षुद्रता वरवरची आणि माया खोल होती. नकुशी, म्हणजे नको असलेली, या नावाची गोष्ट अगदी वेगळी. मुलीमागून मुलगी झाली की पुढे मुलगा व्हावा म्हणून हे नाव ठेवले जाई, आणि ते नाव नव्हे तर आयुष्यभराचा निकाल ठरे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, इतक्या अलीकडेपर्यंत ही चाल टिकून होती.

विवाहानंतर स्त्रीचे माहेरचे नाव बदलत असल्याने तिच्या हाकेच्या नावांचा इतिहास अधिक तुटक आहे. यमुना नावाच्या एका मुलीच्या रमाबाई रानडे झाल्या, दुसरीच्या आनंदीबाई जोशी. माहेरची हाक उंबऱ्याशीच थांबे. धोंडो केशव कर्वे यांच्याशी 1893 मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाईंना आनंदीबाई हे नाव मिळाले, पण त्या ओळखल्या गेल्या बाया कर्वे म्हणून. विधींनी दिलेल्या नावांपेक्षा माणसांनी दिलेले नाव टिकले.

पतीनेही पत्नीचे नाव चारचौघांत घेऊ नये, अगं एवढ्यावर भागवावे, हा संकेत विसाव्या शतकात बराच काळ टिकून होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घरी भिवा होते आणि पत्नी रमाबाईंना ते रामू म्हणत. रमाबाई 1935 मध्ये निवर्तल्या. त्यानंतर पाच वर्षांनी पूर्ण केलेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा इंग्रजी राजकीय ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि अर्पणपत्रिकेत पत्नीचे नाव रामू असेच छापले.