नायट्यावर स्टेरॉइडचे मलम : आराम आधी, अपाय नंतर

जबलपूर : उष्ण व दमट हवेत, घामाने भिजलेल्या कपड्यांखाली नायटा झपाट्याने पसरतो. नर्मदेच्या खोऱ्यातील पावसाळा त्याला पोषकच. जबलपूरमध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी येथे काय आणि देशात अन्यत्र काय, अशा रुग्णाची पहिली धाव सहसा औषधाच्या दुकानाकडे असते. तेथे अनेकदा हाती पडते ती स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमाची नळी.

या मलमाने खाज दोन-तीन दिवसांत थांबते आणि येथेच फसगत होते. स्टेरॉइड दाह शमवते, बुरशी मारत नाही. उलट त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती मंदावल्याने बुरशीला मोकळे रान मिळते. नायट्याची ओळख असलेली लाल, खवलेदार कड पुसट होते आणि अनुभवी डॉक्टरलाही निदान अवघड जाते. मलम थांबवताच खाज दुपटीने परतते व रुग्ण पुन्हा तीच नळी विकत घेतो. जांघेत वा काखेत असे मलम महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होऊन रुंद चट्टे उमटतात. ते कायमचे राहतात. चेहऱ्यावर गोरेपणासाठी तेच लावणाऱ्यांना मुरूम, अनावश्यक केस आणि उन्हात होणारी आग सोसावी लागते.

स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. हायड्रोकॉर्टिसोनचे मलम उपयुक्त ठरत असल्याचे सल्झबर्गर आणि विटन यांनी १९५२ मध्ये दाखवले, तेव्हापासून इसब व सोरायसिसच्या उपचारांत त्याला तोड नाही. प्रश्न आहे तो औषधाची तीव्रता, लावण्याची जागा आणि मुदत यांचा. क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉइड तळपायाच्या जाड त्वचेवर चालते, पापणीवर नाही. प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम दोन तळव्यांएवढ्या भागास पुरते. हे माप चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले आढळते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील परिशिष्ट ‘एच’मधली औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. मात्र त्यातील एका टिपेमुळे त्वचेवर लावण्याची औषधे या बंधनातून सुटत असत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची ही सवलत काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ निश्चित मात्रेच्या मिश्रणांवर बंदी आली. त्यांत स्टेरॉइडयुक्त मलमांची काही मिश्रणेही होती. कागदावरचा नियम स्पष्ट आहे. दुकानाच्या फळीवर तो तितकासा दिसत नाही.

दरम्यान बुरशीही बदलली. भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही प्रजाती नोंदवली. टर्बिनाफिन ज्या विकरावर काम करते, त्याच्या जनुकातील बदलामुळे तिचे अनेक वाण या औषधाला दाद देत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळले. एकेकाळी दोन-चार आठवड्यांत आटोपणारा उपचार त्यामुळे लांबला असून अनेकांना इट्राकोनाझोल द्यावे लागते. त्याच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्यायच्या असतात. आम्लपित्ताच्या गोळ्यांसोबत घेतल्यास त्या नीट शोषल्या जात नाहीत. हृदयाचा पंप कमजोर असलेल्यांना त्या धोकादायक ठरतात. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरला सांगावी लागतात.

खरजेची गोष्ट वेगळी, पण चूक तशीच. पाच टक्के परमेथ्रिन केवळ खाजऱ्या जागी लावून भागत नाही. ते मानेपासून पायापर्यंत, आठ ते बारा तास, घरातील सर्वांनी एकाच रात्री लावायचे व आठवड्याने पुन्हा लावायचे असते. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे राहते. ती औषध फसल्याची खूण मानून लोक पुन्हा स्टेरॉइडकडे वळतात.

पोटात घेण्याच्या औषधांत चिठ्ठीवरील एक शब्दही जिवावर बेतू शकतो. सोरायसिसवरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे चिठ्ठीवर ‘दर सोमवारी’ असे वाराचे नाव लिहिणे सुरक्षित समजले जाते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंग येते, म्हणून ते देण्यापूर्वी गर्भधारणा नसल्याची खात्री करून घेतात.

फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो नायटा नसून कुष्ठरोग असू शकतो. त्याची बहुऔषधी उपचारपद्धती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. रोगाच्या प्रकारानुसार ती सहा किंवा बारा महिने चालते.