तांब्याची तार किती लांब?

१९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत स्पीकर घेतला, की दुकानदार टेबललॅम्पची साधी दुपदरी वायर कापून सोबत फुकट द्यायचा. मग नोएल ली आला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला हा इंजिनिअर ड्रमही वाजवायचा. १९७९ च्या सुमारास त्यानं ‘मॉन्स्टर’ नावाची जाडजूड केबल बाजारात आणली. दुकानदारांनी ती उचलून धरली, कारण अँप्लिफायरवर न सुटणारा नफा केबलवर सुटायचा.

मी अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. जाड वायरीनं फरक पडतो हे लीचं म्हणणं मुळात खोटं नव्हतं, एवढं आधी सांगतो. बारीक वायर लांबवर ओढली, तर ताकद वायरीतच जिरते. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी ४०/७६ घ्या, म्हणजे ०.००७६ इंच जाडीच्या चाळीस तारांची फ्लेक्स. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, रोध जेमतेम ०.०९ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा एक टक्का, आणि आवाजातली घट डेसिबलचा दहावा भाग. एवढी घट गाणं ऐकताना कुठल्या कानाला कळणार?

ऑगस्ट १९८३ च्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’त लॉरेन्स ग्रीनहिल यांनी हेच कानांवर तपासलं. मॉन्स्टर, १६ गेजची लॅम्पवायर आणि २४ गेजची बारीक तार, तिन्ही तीस-तीस फूट. कुठली जोडली आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बारीक तार पकडली गेली, कारण तिच्यातून आवाजच कमी येत होता. पिंक नॉइजच्या खरखरीत लॅम्पवायरही काहींनी ओळखली. समूहगान लावल्यावर मात्र मॉन्स्टर कुठली आणि लॅम्पवायर कुठली, ते कुणाला सांगता येईना. या धंद्याच्या इतिहासात मला ही चाचणी सगळ्यात मोलाची वाटते. किंमत आणि नाव झाकून ऐकण्याचा प्रामाणिकपणा तिच्यात आहे.

केबलमधल्या शुद्ध तांब्याचा महिमा सांगणाऱ्यांना मी समुद्राखालच्या तारांची आठवण करून देतो. बाजारातल्या तांब्या-तांब्यांत वीज वाहण्याच्या क्षमतेचा केवढा फरक असतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५७ साली मोजून दाखवलं. तिथं शुद्धतेवर संदेशाचा वेग ठरत होता. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानं मुंबई ते एडन तार टाकली, ती समुद्रतळाशी हजारो किलोमीटर. त्या अंतरावरचं शहाणपण दिवाणखान्यातल्या तीन मीटरला लावून हजारो डॉलर मागणं मला सहन होत नाही.

आणि मागितले गेलेच. २००७ साली पेअर कंपनीच्या ‘आंजू’ केबलची बारा फुटी जोडी ७,२५० डॉलरला होती. जादूगार जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं: न बघता साध्या केबलपासून ती वेगळी ओळखून दाखवा. ध्वनिसमीक्षक मायकेल फ्रेमर तयार झाले, पण पेअरनं अंग काढून घेतलं आणि ती चाचणी झालीच नाही.

माझ्याकडे ‘आवाज मोकळा येत नाही, केबल बदलू का?’ असं विचारत लोक येतात. मी आधी टर्मिनलवरची काळवंडलेली टोकं छाटून नवं तांबं उघडं करतो, स्क्रू घट्ट पिळतो, मग वूफरच्या कडेचा फोम तपासतो. तो बोटानं दाबला की भुगा होत असेल, तर केबलसाठी आणलेले पैसे तिथं घालायला सांगतो.