शीत, खटका आणि मावळचा भात

१.
पवनेच्या काठचे शिरगाव आज बहुतेकांना प्रतिशिर्डीचे साईमंदिर म्हणून ठाऊक आहे. पण हा मुलूख मुळात भाताचा. पावसाळ्यात येथे भाताची खाचरे भरतात, आणि त्यांच्याच शेजारी, सोमाटणे फाट्याच्या आसपास, तळेगाव-हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांच्या सदनिका उभ्या आहेत. अशा एक-दोन माणसांच्या घरात ओट्यावर विजेचा छोटा भातकुकर सहज दिसतो. तो साधा दिसतो. पण त्याच्यात दोन इतिहास एकत्र आले आहेत: भात शिजला हे कसे ओळखावे याचा, आणि मावळच्या पावसापासून वीज कशी झाली याचा.

२.
प्रथम चुलीचा भात. रोवळीत तांदूळ धुवायचे, धुवण गुरांना ठेवायचे, आधणाला उकळी आली की तांदूळ वैरायचे. पुढे दोन वाटा. एक, पाणी भरपूर घालून शेवटी पेज काढून टाकायची. हे भात वेळणे. दुसरी, पाणी बेताचेच घालून ते भातातच आटवायचे. दुसरी रीत अवघड. पाणी संपत आले की लाकडे मागे ओढायची, तपेले वैलावर सरकवायचे, झाकणावर निखारे ठेवायचे आणि भात मुरू द्यायचा. जाळ क्षणभर जास्त राहिला तर तळाला खरपुडी धरते. कमी पडला तर कणी राहते.

३.
या साऱ्यात मोजण्याचे साधन एकच होते: शीत. एक दाणा बोटांत दाबून पाहायचा आणि साऱ्या तपेल्याचा निर्णय करायचा. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण याच कृतीतून आली. या कौशल्याला एक अट होती, ती म्हणजे चुलीपुढून हलायचे नाही. घरातील बाईचा बराचसा वेळ धुरात बसून हा एक क्षण पकडण्यात जात असे, आणि आवणीच्या दिवसांत तीच बाई दिवसभर गुडघाभर चिखलात रोपे लावून घरी परतलेली असे. म्हणून भात आपोआप शिजणे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता.

४.
आता दुसरा इतिहास. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा मावळचा पाऊस स्वभावतः पूर्वेला वाहतो. इंद्रायणी, आंद्रा, पवना, मुळा या नद्यांवाटे तो भीमेला मिळतो. टाटांच्या जलविद्युत योजनेने या पाण्याची दिशा फिरवली. १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील जलाशयांत पाणी अडवून ते घाटाखाली, सुमारे पाचशे मीटर खोल, खोपोलीच्या वीजगृहात सोडले गेले. १९१५ मध्ये वीज सुरू झाली. ती मावळच्या गावांना मिळाली नाही. ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली.

५.
पाठोपाठ आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह चालू झाले. तिसरी योजना मुळशीची. तेथे मुळा-निळेच्या खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. स्त्री-पुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. खाचरे बुडाली ती बुडालीच.

६.
येथील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या खोऱ्यांच्या पाण्यावर मुंबईचे माग चालत होते, दिवे जळत होते, त्या खोऱ्यांतील स्वयंपाक लाकडाच्या चुलीवरच होत राहिला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि खेड्यांत तारा पोचू लागल्या, त्या पुढच्या दोन-तीन दशकांत. वीज आली तरी ती प्रथम दिव्याला आणि पाण्याच्या पंपाला; चुलीपर्यंत यायला तिला आणखी वेळ लागला.

७.
चुलीचा प्रश्न सुटला तो दुसऱ्या एका भातखाऊ देशात. जपानमध्येही ‘कामादो’ नावाची मातीची चूल होती, पाणी आटवून भात करण्याचीच रीत होती, आणि पहाटे उठून चुलीशी बसणारी बाईच होती. महायुद्धानंतर तेथे विजेवर भात शिजवणारी भांडी निघाली. पण ती आपोआप बंद होत नसत. उष्णता विजेची, पाहारा मात्र माणसाचा. म्हणजे लाकूड गेले तरी शीत दाबून पाहणे तसेच राहिले.

८.
तोशिबा कंपनीसाठी ही अडचण सोडवली योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने, आणि त्याची पत्नी फुमिको हिने. भात वारंवार शिजवून, वेळ आणि तापमान टिपून घेण्याचे काम घरात तिनेच केले. त्यांचा उपाय असा: एका भांड्यात दुसरे भांडे. आतल्यात तांदूळ-पाणी, बाहेरच्यात मोजके पाणी. बाहेरचे पाणी संपेपर्यंत सुमारे वीस मिनिटे जातात, तेवढ्यात आतला भात शिजतो. पाणी संपताच तापमान चढते, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते. डिसेंबर १९५५ मध्ये तोशिबाचा हा कुकर बाजारात आला आणि काही वर्षांतच जपानी घरांत रुळला.

९.
पुढच्या कुकरांनी बाहेरचे पाणीही काढून टाकले. आजच्या साध्या भातकुकरात तापणाऱ्या तबकडीच्या मध्यभागी एक लहान, वर-खाली होणारी खुंटी असते. तिच्यात चुंबक आणि एक विशिष्ट मिश्रधातू असतो. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर तळ उकळबिंदूच्या फार पुढे जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकले की तळ तापू लागतो. शंभर अंशांच्या थोडे वर त्या मिश्रधातूचे चुंबकत्व नाहीसे होते, पकड सुटते आणि खटका वर उडतो. कुकरला भात कळत नाही. पाणी संपले एवढेच त्याला कळते.

१०.
मग महाराष्ट्रात हे यंत्र उशिरा का आले? कारण येथे आधी प्रेशर कुकर आला. मराठी जेवणात भात एकटा नसतो. वरण, भात आणि एखादा बटाटा एकावर एक डब्यांत एकाच वेळी शिजायला हवा. प्रेशर कुकरात दाबाने तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, तूरडाळ लवकर मऊ होते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीच्या मावळ-पुण्यात उघडे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. तेथे हा दाब अधिकच उपयोगी. शिट्ट्या मोजणे हीच येथे शीत दाबण्याची नवी रीत ठरली. भातकुकरासाठी जागा झाली ती घरे लहान झाल्यावर: वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत, एकट्या नोकरदाराच्या ओट्यावर.

११.
यंत्राबरोबर तांदूळही बदलला. मावळ-मुळशीचा जुना मान आंबेमोहराचा. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास येणारा. पण त्याचे पीक उंच वाढून लोळते आणि उतारा कमी देते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात ‘आंबेमोहर १५७’ आणि फिलिपिन्समधील संस्थेचे बुटके, भरघोस पिकणारे ‘आयआर ८’ यांच्या संकरातून नवे वाण निघाले. १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांना मिळाले आणि त्याला नदीचेच नाव दिले गेले: इंद्रायणी. जिच्या उगमाकडचे पाणी अडवून खोपोलीची वीज झाली, तीच ही नदी. इंद्रायणीचा भात सुवासिक, मऊ आणि चिकटसर होतो. मावळातील कुकर निवडताना आणि वापरताना हा चिकटपणा ध्यानात ठेवावा लागतो.

१२.
निवडताना पहिली गोष्ट मापाची. अनेक भातकुकरांबरोबर येणारा लहान पेला १८० मिलिलिटरचा असतो. हे जपानी ‘गो’ हे माप. असे दहा ‘गो’ म्हणजे एक ‘शो’, म्हणजे १.८ लिटर. पुष्कळ कुकरांवर हाच आकडा दिसतो तो यामुळे. आपल्याकडे चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे होते, तसेच हे. खोक्यावरचा आकडा कच्च्या तांदळाचा आहे की भांड्यात मावणाऱ्या एकूण पाण्याचा, हे विचारून घ्यावे. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. दोन माणसांना कच्चा तांदूळ दोन-तीन पेले मावेल एवढे भांडे पुरते. मोठ्या भांड्यात मूठभर तांदूळ लावला तर थर पातळ होतो, पाणी लवकर उडते आणि भात कोरडा राहतो.

१३.
दुसरी गोष्ट विजेची. छोटा कुकर साधारण ३०० ते ४०० वॉटचा असतो. ३०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.१५ युनिट वीज लागते. त्याला तीन पिनांची वायर आणि खरे अर्थिंग असलेला सॉकेट हवा. पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल, तर यांत्रिक खटक्याचा साधा कुकर बरा: वीज गेली तरी खटका खालीच राहतो आणि ती परतल्यावर काम पुढे चालू होते. इलेक्ट्रॉनिक पाटीच्या काही कुकरांना हे जमत नाही. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ फेस करून उतू जातो, म्हणून झाकणाला वाफेचे छिद्र असावे आणि भांड्यात वर मोकळी जागा राहावी.

१४.
वापरताना पाण्याचा अंदाज हाच मुख्य. यंत्र पाणी संपण्याची वाट पाहते, म्हणून किती पाणी घालायचे हा निर्णय माणसाकडेच राहतो. इंद्रायणीला एका मापाला दोन मापे पाणी ही सुरुवात धरावी. नव्या तांदळाला थोडे कमी, वर्षभर मुरलेल्या जुन्याला थोडे जास्त. मोकळा व्हायला हवा असा लांब दाण्याचा तांदूळ दीड मापात होतो. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन वीस मिनिटे भिजवला तर दाणा आतपर्यंत सारखा शिजतो. खटका उडाला म्हणजे भात वाढायला तयार झाला असे नव्हे. झाकण न उघडता दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावा. चुलीवर झाकणावरचे निखारे जे करत, तेच येथे कोंडलेली वाफ करते.

१५.
बिघाड बहुधा क्षुल्लक कारणांनी होतो. भांड्याचा तळ ओला असेल, किंवा तबकडीवर शीत चिकटलेले असेल, तर भांडे नीट टेकत नाही आणि खटका अवेळी उडतो. उडालेला खटका बोटाने दाबून धरू नये. भात कच्चा राहिला तर अर्धी वाटी गरम पाणी शिंपडून पुन्हा लावावा. लेपाच्या भांड्यात लाकडी पळी घालावी आणि तांदूळ धुवायला वेगळे पातेले घ्यावे. तूरडाळ यात पटकन शिजत नाही. मूगडाळीची खिचडी मात्र उत्तम होते. ‘गरम ठेवा’ हा दिवा तासा-दोन तासांपुरता. कोमट अवस्थेत पडून राहिलेल्या भातात जंतू वाढतात; उरलेला भात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा.

१६.
१९५५ मध्ये टोकियोत जे साधले ते एवढेच: चुलीपुढची पाहाऱ्याची बैठक संपली. हे लहान काम नव्हते. त्या बैठकीतून सुटलेला वेळ प्रथम बायकांच्या वाट्याला आला. पण तांदूळ नवा की जुना, तो किती पाणी पिईल, घरच्यांना आसट हवा की मोकळा, ही जाण यंत्रात उतरली नाही. शिरगावच्या घरात कोणी कुकरचा खटका दाबतो तेव्हा तांदूळ बहुधा जवळच्याच खाचरातला असतो. वीज आता राज्यभरच्या जाळ्यातून येते, ती कोणत्या पाण्याची हे सांगता येत नाही. मात्र सह्याद्रीवरच्या वीजनिर्मितीची सुरुवात ज्या धरणांनी झाली, त्यांपैकी मुळशीच्या पाण्याखाली आजही भाताची खाचरे आहेत. मुळशीच्या सत्याग्रहींनी विचारलेला प्रश्न, वीज कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर, धरणांच्या इतिहासात तेव्हापासून वारंवार परत आला आहे.

(समाप्त)