कुणाचा रं तू? : ‘विल्सन’ या आडनावाची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला. शाळेच्या आठवणी बरेच जण लिहिणार आहेत, तेव्हा तुम्ही इतिहासाचे काहीतरी लिहा, अशी सूचनाही सोबत होती. शाहूवाडी तालुक्यातल्या माणसाने इतिहासाचे लिहायचे म्हटले की विशाळगड आणि पावनखिंड समोर उभी राहतात. त्यांच्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे आपल्यात आहेत. म्हणून मी जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. तो म्हणजे ‘विल्सन’ हे इंग्रजी आडनाव.

हा विषय मला पुस्तकातून मिळाला नाही. शाळा संपल्यावर पोटापाण्यासाठी मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहायला राहिलो. जयंती नाल्यावरचा विल्सन पूल रोज दोनदा ओलांडत होतो. “विल्सन पुलाजवळ थांब”, “विल्सन पुलावरून डावीकडे वळ” असे दिवसातून चार वेळा बोलत होतो. हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते नाव होते. पण हा विल्सन कोण, असे विचारले की उत्तर एकच, “असंल कुणीतरी साहेब.” तेव्हापासून जिथे विल्सन दिसेल तिथे मी थोडे थांबू लागलो. बऱ्याच वर्षांत जे जमा झाले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नावाचा अर्थ पाहू. आपल्या गावात अनोळखी पोर वाटेत दिसले की म्हातारी माणसे विचारतात, “कुणाचा रं तू?” पोर बापाचे नाव सांगते, मग ओळख पटते. विल्सन म्हणजे या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर आहे. विलचा सन, म्हणजे विलचा पोरगा. विल हे विल्यमचे घरगुती रूप, जसे आपल्याकडे ज्ञानदेवचा ज्ञानू. विल्यम हे नाव जुन्या जर्मनिक भाषांतले. त्यातल्या ‘विल’चा अर्थ इच्छा किंवा निर्धार आणि ‘हेल्म’चा अर्थ शिरस्त्राण. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राजाचे नाव घरोघरी गेले. प्रत्येक गावात चार-पाच विल्यम झाले, मग त्यांची पोरे ओळखायची कशी? कुणी विल्सन झाला, कुणी विल्यम्स, कुणी विल्यमसन, कुणी विल्किन्स तर कुणी विल्किन्सन. १७८५ साली भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद छापणारे चार्ल्स विल्किन्स हे या अर्थाने विल्सनचे भाऊबंदच. मिरजेच्या दवाखान्यामुळे आपल्या भागात घरोघरी ठाऊक असलेले डॉ. वॉनलेस यांचेही पहिले नाव विल्यम होते.

सुरुवातीला हे आडनाव पिढीगणिक बदलत असे. विल्सनच्या मुलाने बापाचे नाव लावायचे असल्याने तो जॅक्सन किंवा थॉमसन होऊ शकत होता. आइसलँडमध्ये आजही बहुतेक लोक असेच नाव लावतात. आपण बापाचे नाव मधे लावतो, तोही याच जातीचा प्रकार आहे. इंग्लंडमध्ये मात्र साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात आडनावे हळूहळू गोठली. याला जमिनीची वारसनोंद, कोर्टाचे कागद आणि कराच्या याद्या कारण झाल्या. १३७७ ते १३८१ या काळात तिथे डोईपट्टी बसवली गेली आणि माणसांच्या लांबलचक याद्या तयार झाल्या. कागदावर नाव चढले की ते सहजी उतरत नाही, हे आपल्या सातबाऱ्याने आपल्याला चांगले शिकवले आहे. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जे लिहिले तेच आडनाव पुढे कायम झाले, अशी कुटुंबे आपल्या तालुक्यात कमी नाहीत.

अशा रीतीने विलचा पोरगा कायमचा विल्सन झाला. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हे आडनाव विशेष पसरले. स्मिथ आणि ब्राऊन यांच्याखालोखाल विल्सन हे स्कॉटलंडमधले नेहमीचे आडनाव आहे. म्हणजे आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखे. एक विल्सन दुसऱ्या विल्सनचा नातलग असेलच असे नाही. मुळात शेकडो वेगवेगळे विल होते आणि त्यांची शेकडो पोरे होती. म्हणून खाली ज्यांची नावे येतील ते एका घराण्याचे नाहीत. आडनाव एक, पण माणसे आणि त्यांची कामे निरनिराळी.

पहिले होरेस हेमन विल्सन (१७८६–१८६०). ते ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून कलकत्त्याला आले आणि संस्कृतात रमले. १८१३ साली त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा इंग्रजी अनुवाद छापला, १८१९ साली संस्कृत-इंग्रजी कोश काढला. पुढे ऑक्सफर्डला संस्कृतच्या बोडन अध्यासनाचे ते पहिले प्राध्यापक झाले. मला त्यांचे १८५५ सालचे एक पुस्तक जवळचे वाटते. हिंदुस्थानातल्या महसुली आणि न्यायाच्या कामातल्या शब्दांचा तो जाडजूड कोश आहे. आपल्या वर्गाच्या हजेरीत जी आडनावे होती त्यांतली पाटील, कुलकर्णी, देशमुख अशी कितीतरी त्या कोशात शब्द म्हणून आली आहेत. ‘विलचा पोरगा’ आपल्या वतनदारांच्या नावांचे अर्थ लावत बसला होता!

दुसरे रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५). स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचे. त्यांच्या वडिलांचे नाव अँड्र्यू, म्हणजे आडनाव गोठल्याचा हा चांगला दाखला. १८२९ साली ते मिशनरी म्हणून मुंबईस आले, मराठी शिकले आणि मराठीत वादविवादही करू लागले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. १८३५ साली त्यांचे निधन झाले. आडनाव नवऱ्याचे असले तरी काम त्यांचे स्वतःचे होते, म्हणून त्यांचे नाव वेगळे सांगतो. जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून आजचे विल्सन कॉलेज उभे राहिले. गिरगाव चौपाटीसमोरची त्याची इमारत १८८९ सालची. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे याच कॉलेजचे विद्यार्थी. १८३५ साली जॉन विल्सन गिरनारला गेले. तिथल्या अशोकाच्या शिलालेखाच्या त्यांनी करवून घेतलेल्या नकला जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपी उलगडताना उपयोगी पडल्या.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिक्षणामागे धर्मांतराचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. १८३९ साली त्यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत मोठा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुले भराभर काढून घेतली. एकाच माणसाच्या खात्यावर या दोन्ही गोष्टी जमा आहेत.

तिसरे जेम्स विल्सन (१८०५–१८६०). हेही स्कॉटलंडचे, हॉविक गावचे. त्यांच्या वडिलांचे नाव खरोखरच विल्यम होते, त्यामुळे हे शब्दशः विल्सन! टोप्या बनवण्याच्या धंद्यातून वर आलेल्या या माणसाने १८४३ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ हे नियतकालिक काढले. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती सावरायला त्यांना कलकत्त्यास पाठवले गेले आणि १८६० साली त्यांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यांवर दोन टक्के आणि त्यावर चार टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यालाच त्यांचा आजाराने अंत झाला. आपल्या गुरुजनांनी नोकरीच्या काळात दर मार्चला ज्या कागदांवर डोके खाजवले, त्यांचे मूळ इथे आहे. कराच्या यादीने जे आडनाव पक्के केले, त्याच आडनावाच्या माणसाने आपल्याला कराच्या यादीत बसवले.

आता आपल्या पुलाचे विल्सन. सर लेस्ली ओर्म विल्सन (१८७६–१९५५). पेशाने सैनिक, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढलेले, पार्लमेंटचे सभासदही राहिलेले. १९२३ च्या अखेरीपासून १९२८ पर्यंत ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. अकोले तालुक्यात प्रवरेवर बांधलेले भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, त्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्याच कारकिर्दीत बार्डोलीच्या शेतकऱ्यांवर २२ टक्के सारावाढ लादली गेली. १९२८ चा सत्याग्रह झाला, सरकारला चौकशी मान्य करावी लागली आणि शेवटी वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. कोल्हापुरात तेव्हा राजाराम महाराजांचे राज्य होते. संस्थानाने गव्हर्नरचा मान राखायचा तो काळ. त्यातून शहरात पुलाला विल्सनचे नाव लागले आणि आजच्या छत्रपती शिवाजी चौकात विल्सनचा पुतळाही उभा राहिला.

१९४२ साली ‘चले जाव’चे वारे कोल्हापुरात आले. तेव्हा भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवेरी या दोघींनी भर चौकातला हा पुतळा विद्रूप केला. संस्थानी पोलिसांच्या नजरेसमोर दोन बायकांनी हे करावे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे क्रांतिकारक तरुणांनी पुतळा फोडला. त्याच जागी १९४५ साली भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. लेस्ली विल्सन हे सारे होत असताना दूर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते.

आपल्या तालुक्यातून कोल्हापूरला गेलेला प्रत्येक जण त्या चौकातून गेला असेल. महाराजांना हात जोडून पुढे जाताना इथे आधी कोण उभा होता आणि त्याला कुणी हलवले, हे आपल्याला कुणी सांगितले नाही. पाठ्यपुस्तकात बार्डोली होती, चले जावही होते, पण आपल्या जिल्ह्यातल्या या दोघी नव्हत्या. आज शाळेत शिकवणारे आपले माजी विद्यार्थी आहेत. त्यांना माझी विनंती आहे, सहलीला मुले कोल्हापूरला न्याल तेव्हा त्या चौकात पाच मिनिटे थांबून ही दोन नावे मुलांना सांगा.

पूल मात्र लोकांच्या तोंडी विल्सन पूलच राहिला. पुतळा सत्तेचा होता, तो लोकांनी उतरवला. पुलावरून रोज धान्याची पोती जातात, तिथे विल्सन म्हणजे साहेब उरला नाही, फक्त ठिकाण उरले. मला यात विसराळूपणा दिसत नाही. कुठल्या नावावर राग धरायचा आणि कुठले नुसते वापरायचे, हे माणसांना बरोबर कळते.

शेवटी एका न गाजलेल्या विल्सनविषयी. लक्ष्मीपुरीत माझ्या शेजारच्या दुकानात एक मुलगा कामाला होता. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. त्याचे पहिले नाव विल्सन, मधे वडिलांचे मराठी नाव आणि पुढे आपल्यासारखेच मराठी आडनाव. ख्रिस्ती घरांत इंग्रजी आडनाव असे पहिले नाव म्हणून ठेवतात. नवे गिऱ्हाईक त्याला हमखास विचारायचे, “काय रे, तू इंग्रजांचा का?” तो चिडायचा नाही. म्हणायचा, “आजोबांना मिशनच्या शाळेत पाटीवर नाव लिहायला मिळालं. त्यांच्या वडिलांना शाळेच्या पायरीवरसुद्धा बसू देत नव्हते. म्हणून आमच्या घरात नावं अशी.” पुढे कोणी काही विचारत नसे.

त्या उत्तराने मला आपल्या हजेरीकडे वेगळे पाहायला लावले. मास्तर आडनाव आधी घ्यायचे. आडनाव पुकारले की गाव, वतन, धंदा आणि जातही वर्गाला कळायची. विल्सन या आडनावातून फक्त बापाचे नाव कळते, आपल्या आडनावांतून बरेच जास्त कळते आणि ते सगळ्यांनाच सुखाचे नव्हते. कुणी ‘हजर’ ताठ मानेने म्हणायचे, कुणी खाली बघून. आज पन्नाशी-साठी ओलांडल्यावर ते आपण एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकतो, असे मला वाटते.

तेव्हा मित्रहो, पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या आडनावाची गोष्ट घेऊन यावे. घरात ऐंशी-नव्वदीची माणसे असतील तर त्यांना आताच विचारा. आपण मलकापूरकर कधी झालो, सुतारकी कुणी सोडली, आडनाव कुणी बदलले आणि का बदलले. चांगले निघेल तसे अडचणीचेही निघेल. दोन्ही लिहून आणा. समितीने परवानगी दिली तर ती सारी टिपणे एका वहीत उतरवून शाळेच्या वाचनालयात ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन.